तिमाहीचा अंदाज आणि बेकारीचे महिने

१५ जानेवारी २००९ रोजी इंटेलने सरत्या वर्षाच्या शेवटच्या तिमाहीचे निकाल जाहीर केले. निव्वळ नफा होता २३.४ कोटी डॉलर. आदल्या वर्षी याच तिमाहीत तो २२७ कोटी डॉलर होता. दहातले नऊ हिस्से वर्षभरात गेले होते. पण त्या दिवशी विश्लेषकांना त्याहून जास्त खटकली ती निकालपत्रातली एक गाळलेली जागा. निकालांबरोबर पुढच्या तीन महिन्यांत विक्री किती होईल याचा अंदाज देण्याची इंटेलची जुनी पद्धत. या वेळी महसुलाचा अधिकृत अंदाजच नव्हता. मागणीचं काहीच नक्की सांगता येत नाही, आतल्या नियोजनासाठी आम्ही ७०० कोटी डॉलरच्या आसपास धरून चाललो आहोत, इतकंच कंपनीने सांगितलं.

जगातल्या बहुतांश पर्सनल कॉम्प्युटरचा मेंदू जी कंपनी बनवते तिलाच तीन महिन्यांपुढचं दिसत नाही, ही बातमी एका कंपनीपुरती राहत नाही. चिप आता कॉम्प्युटरबरोबर मोटारीत, मोबाइलमध्ये, वॉशिंग मशीनमध्ये आणि कारखान्यातल्या मोटरच्या कंट्रोलरमध्येही असते. म्हणून चिप कंपन्यांच्या अंदाजाकडे अर्थव्यवस्थेची नाडी म्हणून पाहायची सवय गुंतवणूकदारांना लागली. ही नाडी कंपन्यांच्या तब्येतीबद्दल बरंच खरं सांगते. त्याच कंपन्यांत काम करणाऱ्यांच्या तब्येतीबद्दल ती किती सांगते, हा प्रश्न मात्र फार कमी वेळा विचारला जातो. २००८–०९ची मंदी या प्रश्नाचं उत्तर महिन्यांच्या हिशेबात देते.

घसरण किती वेगाने झाली ते आधी पाहू. ऑक्टोबर २००८ मध्ये इंटेलने शेवटच्या तिमाहीसाठी १०१० ते १०९० कोटी डॉलर विक्रीचा अंदाज दिला होता. लेहमन ब्रदर्स ही बँक बुडून तेव्हा महिना झाला होता, तरीही. १२ नोव्हेंबरला कंपनीने तो ९०० कोटींवर आणला. ७ जानेवारीला सांगितलं, ८२० कोटीच होतील. तीन महिन्यांत कंपनीचं स्वतःच्याच विक्रीबद्दलचं मत पाचव्या हिश्शाहून जास्त खाली आलं. त्याच काळात अमेरिकेतला बेकारीचा दर साडेसहा टक्क्यांवरून साडेसातच्या थोडा वर सरकला. मंदीची तारीख ठरवणाऱ्या नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्चने तर १ डिसेंबर २००८ ला सांगितलं, की मंदी डिसेंबर २००७ मध्येच सुरू झाली होती. एक वर्ष उलटून गेल्यावर!

चिपची मागणी इतकी कोसळते याचं कारण साठ्यात आहे. दुकानदाराची लॅपटॉपची विक्री दहा टक्क्यांनी घटली की तो नवी ऑर्डर दहा टक्क्यांनी कमी करत नाही. आधी शेल्फवरचा माल संपवतो. लॅपटॉप बनवणाराही गोदामातले भाग आधी वापरतो. चिप कंपनीपर्यंत येईतो दहा टक्क्यांची घट तीस-चाळीस टक्क्यांची झालेली असते. या व्यवसायात याला आसुडाचा परिणाम म्हणतात: मनगट वीतभर हलतं, टोक मात्र सपकन वाऱ्यात फिरतं. त्या टोकाच्याही पुढे चिप बनवण्याची यंत्रं विकणाऱ्या कंपन्या असतात. उत्तर अमेरिकेतल्या अशा कंपन्यांकडून जानेवारी २००९ मध्ये शंभर डॉलरचा माल पाठवला जात असताना त्यांच्याकडे नव्या ऑर्डरी पन्नास डॉलरच्याही येत नव्हत्या.

शिवाय चिप एका दिवसात तयार होत नाही. सिलिकॉनची चकती, म्हणजे वेफर, फॅबमध्ये, म्हणजे चिप घडवणाऱ्या कारखान्यात, शिरल्यापासून शेकडो टप्पे पार करून बाहेर पडायला दोन-तीन महिने लागतात. ऑर्डर थांबली तरी आत शिरलेला माल बाहेर येतच राहतो. साठा वाढतो, मग नव्या वेफर आत सोडणं थांबतं आणि कारखाना रिकामा पडू लागतो. रिकाम्या फॅबचा खर्च मात्र जवळजवळ भरलेल्या फॅबइतकाच. यंत्रांचा घसारा चालू असतो, हवा गाळणारे पंखे रात्रंदिवस फिरतात, अतिशुद्ध पाण्याचे पंप बंद करता येत नाहीत. म्हणून विक्री पाव हिश्शाने घटली तर नफा जवळजवळ पुसला जातो. या सगळ्या खर्चांत लवकर कमी करता येण्यासारखा एकच उरतो, पगाराचा.

२१ जानेवारीला, निकालानंतर आठवडाभरातच, इंटेलने कारखान्यांची यादी दिली. मलेशियातल्या पेनांग इथल्या दोन जुळणी-चाचणी कारखाने, फिलिपिन्सच्या काविते प्रांतातला एक, ऑरेगनमध्ये हिल्सबरोची फॅब २०, आणि कॅलिफोर्नियात सांता क्लाराची डी-२. पाच ते सहा हजार माणसांवर परिणाम होणार होता. त्यांतल्या काहींना दुसऱ्या कारखान्यात सामावून घेऊ असंही कंपनीने म्हटलं. काविते बंद झाल्यावर इंटेलचं फिलिपिन्समधलं १९७४ पासूनचं उत्पादन संपलं. सांता क्लाराच्या डी-२ बरोबर सिलिकॉन व्हॅलीतली इंटेलची शेवटची वेफर फॅब गेली. ज्या खोऱ्याला सिलिकॉनचं नाव मिळालं तिथे इंटेलचं ऑफिस राहिलं, संशोधन राहिलं, सिलिकॉनवर हात चालवणारी माणसं राहिली नाहीत.

त्या आठवड्यात इंटेल एकटी नव्हती. २३ जानेवारीला म्युनिकच्या किमोंडा या मेमरी चिप कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. ड्रेस्डेनची फॅब वाचवायला सॅक्सनी राज्य सरकारने मदत देऊ केली होती, मूळ कंपनी इन्फिनिऑन आणि एक पोर्तुगीज बँकही पुढे आली होती. तरी पैसे पुरले नाहीत. सोमवारी, २६ जानेवारीला, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने ३,४०० जागा कमी करण्याचं जाहीर केलं: १,८०० जणांना काढणार आणि १,६०० जण निवृत्ती किंवा स्वेच्छेने जाणार. बांधकामाची यंत्रं बनवणाऱ्या कॅटरपिलरची वीस हजारांची कपातही त्याच दिवशीची. फेब्रुवारीत मेमरी चिप बनवणाऱ्या मायक्रॉनने आयडाहो राज्यातल्या बॉइझी इथलं २०० मिलीमीटरचं वेफर उत्पादन बंद करायचं ठरवलं. पाचशे नोकऱ्या लगेच, कंपनीच्या आर्थिक वर्षाच्या अखेरपर्यंत दोन हजारांपर्यंत. आयडाहोसारख्या विरळ वस्तीच्या राज्यात दोन हजार नोकऱ्या म्हणजे घरांच्या किमती, शाळेतली पटसंख्या, गाड्यांची शोरूम, सगळ्यांवर उमटणारी गोष्ट. १ मार्चला स्पॅन्शन या मेमरी चिप कंपनीने दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घेतला. तिने आठवड्याभरापूर्वीच तीन हजार जणांना कामावरून कमी केलं होतं.

इंटेल आणि मायक्रॉनच्या बंद पडलेल्या फॅबमध्ये एक साम्य होतं. त्या २०० मिलीमीटर वेफरच्या, म्हणजे जुन्या पिढीच्या होत्या. ३०० मिलीमीटरच्या वेफरचं क्षेत्रफळ २०० मिलीमीटरच्या सव्वादोन पट असतं, तेवढ्याच टप्प्यांत जास्त चिप निघतात. हा झाला भांडवलाचा हिशेब. माणसांचा हिशेब फॅबच्या छताकडे पाहिल्यावर कळतो. जुन्या फॅबमध्ये पंचवीस वेफरची पेटी हातात धरून किंवा ट्रॉलीवर ठेवून एका यंत्रापासून दुसऱ्यापर्यंत न्यायला माणूस लागायचा. पांढऱ्या सुटात, डोळ्यांपुरता चेहरा उघडा ठेवून, बारा तासांच्या पाळीत हे काम चालायचं. ३०० मिलीमीटरची भरलेली पेटी दिवसभर उचलण्याजोगी राहिली नाही. ती आता छताला टांगलेल्या रुळांवरून धावते, यंत्राच्या वर येऊन थांबते आणि पट्ट्यांवरून खाली उतरते. पेट्या वाहणाऱ्या माणसाचं काम मंदीने संपवलं नाही. ते संपवण्याची तारीख मंदीने ठरवली. त्यामुळे मागणी परत आली तेव्हा ते काम परत येण्याचा प्रश्नच नव्हता.

१० फेब्रुवारीला इंटेलचे प्रमुख पॉल ओटेलिनी वॉशिंग्टनमध्ये उभे राहिले आणि अमेरिकेतल्या कारखान्यांत दोन वर्षांत ७०० कोटी डॉलर गुंतवण्याची घोषणा केली. ऑरेगन, ॲरिझोना, न्यू मेक्सिको. ३२ नॅनोमीटरचं तंत्रज्ञान. कारखाने बंद केल्याच्या घोषणेला तेव्हा तीन आठवडे झाले होते. या दोन घोषणांत विसंगती नव्हती. मंदीत जुनं मोडून नवं उभारणारी कंपनीच तेजीत पुढे राहते, आणि ओटेलिनींचा निर्णय व्यवसायाच्या दृष्टीने अचूक ठरला. हिल्सबरोत फॅब २० मधला जो ऑपरेटर घरी गेला त्याला मात्र याच गावात होणाऱ्या गुंतवणुकीचा अर्थ लावणं अवघड गेलं असणार.

तैवानमध्ये याच काळात घडलेली गोष्ट अधिक बारकाईने पाहण्यासारखी आहे, कारण तिथे बेकारीचा आकडा काय लपवतो ते दिसतं. चिप कंपन्यांच्या शिंचू सायन्स पार्कमध्ये २००८ च्या हिवाळ्यात बिनपगारी रजेची साथ पसरली. आठवड्याला एक दिवस, मग दोन दिवस, कुठे महिन्यात दहा दिवस. कामगार कागदोपत्री नोकरीत, पगार मात्र कापलेला. २००९ च्या सुरुवातीला देशभरात अशा रजेवर दोन लाखांहून अधिक लोक होते. बेकारांच्या मोजणीत त्यांतलं कोणीच नव्हतं. तरीही तैवानचा बेकारीचा दर ऑगस्ट २००९ मध्ये ६.१३ टक्क्यांपर्यंत गेला. तिथल्या नोंदींतला तो उच्चांक होता.

शिंचूतल्या टीएसएमसी या चिप कंपनीचा २००९ च्या पहिल्या तिमाहीतला नफा आदल्या वर्षीच्या तुलनेत ९४ टक्क्यांहून अधिक घसरून दीड अब्ज तैवानी डॉलरच्या आसपास आला. फॅबमधली निम्म्याहून अधिक यंत्रणा रिकामी होती. व्यवस्थापनाने कामगिरीच्या मूल्यांकनाच्या नावाखाली शेकडो जणांना घरी पाठवलं. राजीनामा स्वखुशीने देत आहोत अशा कागदावर सही करायला लावल्याची अनेकांची तक्रार होती. ज्या कंपनीत मुलगा लागला म्हणून गावात मान मिळायचा, त्या कंपनीने त्याला नालायक ठरवलं. आईवडील मुलांबरोबर रस्त्यावर आले. तैपेईत संस्थापक मॉरिस चँग यांच्या घराजवळ त्यांनी ठाण मांडलं.

चँग तेव्हा ७७ वर्षांचे होते आणि रोजचा कारभार त्यांनी २००५ मध्येच रिक त्साय यांच्याकडे सोपवला होता. मे महिन्यात त्यांनी कर्मचाऱ्यांसमोर चूक कबूल केली आणि काढलेल्यांना परत येण्याची मुभा दिली. जूनमध्ये त्यांनी त्साय यांना बाजूला करून मुख्याधिकारीपद पुन्हा स्वतःकडे घेतलं. मग त्यांनी त्या वर्षीचा भांडवली खर्च कमी करण्याऐवजी वाढवला, पुढच्या वर्षी दुपटीहून अधिक केला. स्मार्टफोनची लाट आली तेव्हा टीएसएमसीची फॅब तयार होती. चिप उद्योगाच्या इतिहासात हा प्रसंग भांडवली धाडसासाठी सांगितला जातो. तो माणसं परत बोलावण्यासाठीही तितकाच सांगितला गेला पाहिजे. मंदीत नोकरकपातीला पर्याय नसतो, हे वाक्य कंपन्या सवयीने म्हणतात. त्या वाक्याला टीएसएमसीनेच, तिच्या संस्थापकानेच, खोडून दाखवलं.

१४ एप्रिल २००९ ला इंटेलने पहिल्या तिमाहीचे निकाल दिले. विक्री ७१० कोटी डॉलर, नफा ६४.७ कोटी. कॉम्प्युटरच्या विक्रीने या तिमाहीत तळ गाठला, असं ओटेलिनींनी सांगितलं, आणि ते खरं निघालं. ग्राहकांचा साठा संपला होता. आसूड आता उलट फिरू लागला होता. २८ ऑगस्टला कंपनीने तिसऱ्या तिमाहीचा अंदाज ८५० वरून ९०० कोटींवर नेला. वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत विक्री १०६० कोटी आणि नफा सुमारे २३० कोटी डॉलर झाला. जानेवारीत गेलेले दहातले नऊ हिस्से वर्षभरात भरून निघाले होते.

आता याच तारखांसमोर दुसरा रकाना मांडू. एप्रिल २००९ मध्ये अमेरिकेतली बेकारी नऊ टक्क्यांच्या आसपास. ऑगस्टमध्ये ९.६ टक्के. ऑक्टोबरमध्ये १० टक्के, हा शिखराचा महिना. अर्धवेळ कामावर नाइलाजाने भागवणारे आणि शोध सोडून दिलेले धरले तर १७ टक्क्यांच्या वर. नोकऱ्यांची एकूण संख्या फेब्रुवारी २०१० पर्यंत घटतच राहिली; तोवर ८७ लाख नोकऱ्या गेल्या होत्या. त्या भरून यायला मे २०१४ उजाडला. इंटेलचा तळ आणि बेकारीचं शिखर यांत अर्ध्या वर्षाचं अंतर, आणि नोकऱ्या मूळपदावर यायला पाच वर्षं.

हे अंतर का पडतं, ते अमेरिकेच्या बेकारभत्त्याच्या आकड्यांत दिसतं. दर गुरुवारी आदल्या आठवड्यात किती जणांनी नव्याने भत्त्यासाठी अर्ज केला ते जाहीर होतं. हा आकडा मार्च २००९ च्या शेवटी साडेसहा लाखांच्या वर जाऊन उतरू लागला, इंटेलच्या तळाच्या अगदी जवळ. म्हणजे कंपन्यांनी माणसं काढणं त्याच सुमारास मंदावलं होतं. थांबली होती ती भरती. २००९ च्या उन्हाळ्यात एका रिकाम्या जागेमागे सहाहून अधिक बेकार होते. काम वाढलं तर कंपनी आधी कापलेले तास परत देते, मग ओव्हरटाइम देते, मग कंत्राटी माणूस घेते. कायमची जागा सर्वांत शेवटी निघते. बाहेर ढकलणं बंद झालं, पण दारही बंदच राहिलं. २०१० च्या वसंतात बेकारांपैकी ४५ टक्के लोक सहा महिन्यांहून जास्त काळ काम शोधत होते. इतका काळ रिकामा गेलेला अर्ज पाहून कंपन्या तो बाजूला ठेवतात, आणि त्यातून आणखी महिने वाढत जातात.

या आकड्यात आपली काही माणसंही होती, आणि काही त्यातून निसटली. पुण्या-मुंबईच्या कॉलेजांतून बी.ई. करून एमएससाठी गेलेले आणि एच-वन-बी व्हिसावर सांता क्लारा, हिल्सबरो, चँडलर, ऑस्टिनमध्ये चिप डिझाइन करणारे इंजिनीअर यांना तेव्हा सवलतीची मुदतच नव्हती. साठ दिवसांची तरतूद २०१७ मध्ये आली. नोकरी गेली की राहण्याचा आधार त्याच दिवशी डळमळायचा. ज्यांना दुसरा मालक मिळाला नाही त्यांनी भाड्याच्या घराचा करार मोडला, गाडी मिळेल त्या किमतीला विकली आणि मुलांना शाळेच्या मधल्याच सत्रात काढून विमान पकडलं. विमान सुटलं की तो माणूस अमेरिकेच्या बेकारांतून वजा व्हायचा. आकडेवारीच्या लेखी त्याची बेकारी मिटली होती.

यंत्रांचं नशीब वेगळं होतं. किमोंडाची अमेरिकेतली फॅब व्हर्जिनियात रिचमंडजवळ होती. ती बंद झाली तेव्हा आतली ३०० मिलीमीटरची यंत्रं जवळजवळ नवी होती. २००९ मध्येच टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने ती १७.२५ कोटी डॉलरना विकत घेतली आणि टेक्सासमधल्या रिचर्डसनच्या फॅबमध्ये बसवली. ती इमारत बांधून होऊन वर्षानुवर्षं रिकामी उभी होती. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सला ही खरेदी अतिशय फायद्याची ठरली. व्हर्जिनियातली यंत्रं दुसरीकडे कामाला लागली. ती चालवणाऱ्या तंत्रज्ञांसाठी अशी बोली लावणारं कोणी नव्हतं. घरावरचं कर्ज घराच्या किमतीहून मोठं झालेलं असताना टेक्सासला बिऱ्हाड हलवणंही सोपं नव्हतं. २०१० मध्ये जगातली चिपची विक्री जवळजवळ ३२ टक्क्यांनी वाढून २९८ अब्ज डॉलरच्या विक्रमावर पोहोचली. त्या वर्षी अमेरिकेतली बेकारी सरासरी साडेनऊ टक्क्यांच्या वर होती. अमेरिकेत सेमीकंडक्टर आणि इतर इलेक्ट्रॉनिक भाग बनवणाऱ्या उद्योगात २००० साली सुमारे पावणेसात लाख लोक होते. २०१० मध्ये चार लाखांहून कमी उरले. दोन मंदींनी नेलेल्या जागा मधल्या तेजींनी परत दिल्या नाहीत.

मग चिप कंपन्यांचा अंदाज कोसळला की बेकारी येतेच, असं म्हणावं का? त्याचं उत्तर २०२३ ने दिलं. २००९ मध्ये जगाची चिप-विक्री ९ टक्क्यांनी घटली होती; २०२३ मध्ये ती ८.२ टक्क्यांनी घटली. घसरण जवळपास तेवढीच. कोविडच्या काळात लॅपटॉपची खरेदी एकदम झाली, तुटवड्याच्या भीतीने सगळ्यांनी जास्तीच्या ऑर्डरी दिल्या आणि मग गोदामं भरली. इंटेलने २०२३ च्या पहिल्या तिमाहीत २८० कोटी डॉलर तोटा दाखवला, तोवरचा तिचा सर्वांत मोठा तिमाही तोटा. त्याआधी प्रमुख पॅट गेल्सिंगर यांच्यापासून मधल्या फळीपर्यंत पगारकपात झाली होती. मायक्रॉनने १५ टक्के माणसं कमी करायचं ठरवलं. आणि त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेतली बेकारी ३.४ टक्के होती, १९६९ नंतरची सर्वांत कमी. चिप उद्योगाचा साठा फुगला होता, सामान्य माणसाची खरेदी थांबली नव्हती. हॉटेलं, दवाखाने, बांधकाम कंपन्या माणसं शोधत होत्या. पुढच्या वर्षी उलटं घडलं: २०२४ मध्ये चिपची विक्री १९ टक्क्यांनी वाढली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंटेलने पंधरा हजार जागा कमी करण्याची घोषणा केली. एआयच्या तेजीचा पैसा एन्व्हिडिया आणि टीएसएमसीकडे जात होता.

म्हणून अंदाजात घट दिसली की ती साठ्यामुळे आहे, गिऱ्हाइकाने हात आखडल्यामुळे आहे, की त्या एका कंपनीची बाजारातली जागा दुसऱ्याने घेतली म्हणून आहे, हे आधी विचारावं लागतं. पहिल्या प्रकारात वर्षभरात सावरता येतं. दुसऱ्यात सगळा देश सापडतो. तिसऱ्यात तेजी चालू असतानाही गाव रिकामं होतं.

हा प्रश्न आता आपल्या दारात आला आहे. जून २०२३ मध्ये मायक्रॉनने गुजरातमधल्या साणंद इथे मेमरी चिपच्या जुळणी आणि चाचणीचा कारखाना जाहीर केला. एकूण २७५ कोटी डॉलर, त्यातला मोठा हिस्सा केंद्र आणि राज्य सरकारचा. पाच हजार प्रत्यक्ष नोकऱ्यांचं आश्वासन. त्याच्या थोडंच आधी, मार्चमध्ये संपलेल्या तिमाहीत, मायक्रॉनने २३० कोटी डॉलरचा तोटा दाखवला होता आणि जगभरातली माणसं ती कमी करत होती. मेमरी हा चिप उद्योगातला सर्वांत अस्थिर भाग. तिथे एका कंपनीची चिप दुसरीच्या जागी बसते, त्यामुळे साठा वाढला की किंमत आधी कोसळते. जुळणी-चाचणीचं काम त्यातही सर्वांत आधी थांबवता येण्यासारखं. इंटेलच्या २००९ च्या यादीत पेनांग आणि काविते होतेच. सरकारी पैशाने उभ्या राहणाऱ्या कारखान्याशी करार करताना मंदीच्या तिमाहीत बिनपगारी रजा, कंत्राटी कामगारांची कपात आणि भरपाई यांबद्दलची कलमं असायला हवीत आणि ती लोकांना वाचता यायला हवीत. साणंदला नोकरी लागलेल्या, तिथे घरासाठी कर्ज काढायच्या विचारात असलेल्या कोणत्याही तरुणाने मायक्रॉनच्या तिमाही निकालात नफ्याच्या आधी एक आकडा शोधावा: कंपनीकडे किती दिवसांचा साठा पडून आहे. तो सलग दोन तिमाही वाढला असेल, तर कर्जाच्या हप्त्याचा हिशेब पुन्हा करावा.